झडती : काही टिपणे

१.
झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क घरात राहणाऱ्याचा आहे. घर त्याच्या नावावर असलं-नसलं तरी. भाडेकरू, पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट, झोपडीत एकटी राहणारी म्हातारी, सगळे यात आले. आधी शेअर सर्टिफिकेट किंवा सातबारा दाखवा, मगच थांबा, असं कोणी म्हणालं तर त्याला कायद्यात आधार नाही.

२.
१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडतीचं जुनं कलम १०० आता १०३ झालं. पोलिसांनी वॉरंटशिवाय घ्यायच्या झडतीचं कलम १६५ आता १८५. मजकूर बराचसा तोच. मोठी भर एकच: झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता करावंच लागतं, कलम १०५. मोबाइलवर केलेलं चालतं. ते मुद्रण दंडाधिकाऱ्यांकडे विनाविलंब पाठवायचं असतं.

३.
एकदा मी पंच होतो. आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नातवाने चोरीचा माल घेतल्याचा संशय. नातू बाहेरगावी, घरात आजी एकट्या.

हवालदारांनी दारातच खिसे उलटे करून दाखवले. पाकीट, किल्ल्या, तंबाखूची पुडी, पेन. "आजी, आधी आमची झडती घ्या, मग आम्ही घराची घेतो."

आजींना ते पटेना. पोलिसांच्या खिशात बघायचं? शेवटी आम्ही दोघा पंचांनी बघितलं, आमचेही खिसे दाखवले, आणि तशी ओळ पंचनाम्यात आली. त्या ओळीला कोर्टात काय वजन असतं ते मला पुढे एका वकिलाने समजावलं. माल बाहेरून आणून ठेवला की घरातच होता, हा वाद उभा राहिला म्हणजे सगळे आधी ती ओळ शोधतात.

४.
त्याच घरात. तांदळाचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला, मग डाळींचे. बरोबर आलेल्या महिला शिपायाने कपाट उघडलं, साड्या एकेक करून पलंगावर ठेवल्या. देवघराच्या खणापाशी ती थांबली आणि आजींकडे बघू लागली.

"मीच काढून दाखवते. तुम्ही हात नका लावू."

आजींनी पाट मांडला. ताम्हण, पळी, कापराची डबी, पोथी, पोथीत जपून ठेवलेल्या नोटा. सगळं त्यांनी स्वतः मांडलं, सगळ्यांनी बघितलं, साहेबांनी मान हलवली. पाच मिनिटं जास्त लागली असतील. तपासाचं काहीही बिघडलं नाही.

५.
पंचनाम्यात सोनं नसतं, 'पिवळ्या धातूची चेन' असते. धातू कोणता हे ठरवणं पोलिसांचं काम नाही, म्हणून ही पद्धत. पण मग वजन, लांबी, नक्षी, खूण हे सगळं लिहून घेणं घरच्यांच्या हिताचं आहे, कारण वस्तू परत मागताना तेच वर्णन उपयोगी पडतं. आजींची चेन नेली नाही, नुसती नोंदली, तरी त्यांनी 'कडी तुटलेली, लाल दोऱ्याने बांधलेली' एवढं लिहायला लावलं. लिहिणाऱ्याने कुरकुर केली. त्या ढळल्या नाहीत. योग्य केलं.

६.
दुसरा पंच सही करताना वाचत नव्हता. "साहेबांनी लिहिलंय ना."

७.
पंच कोण? कलम १०३ म्हणतं, त्याच वस्तीतली दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसं. वस्तीतलं कोणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही तरच बाहेरची. खरं तर शेजाऱ्यांची दारं नेमकी तेव्हाच बंद होतात. मग ठाण्याच्या ओळखीचा माणूस येतो. तो आधीही दहा ठिकाणी सही करून आलेला असतो, आणि उलटतपासणीत तेच बाहेर पडतं. समन्स आल्याशिवाय पंचाला कोर्टात जावं लागत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. सबळ कारणाशिवाय नकार देणं गुन्हा आहे, हेही. शेजाऱ्याच्या घरची झडती आपल्या डोळ्यांसमोर व्हावी, यासारखी मदत त्या दिवशी दुसरी नाही.

८.
उत्तर प्रदेशातले खरकसिंग. १९४१ साली दरोड्याच्या गुन्ह्यात सापडले, पुराव्याअभावी सुटले. पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्टरी शीट मात्र उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री येत, दार ठोठावत, आरडाओरडा करत, घरात शिरत. खरकसिंग सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्री घरी जाण्याचा पोलिसांचा नियम घटनाबाह्य ठरवला. बाकीची पाळत बहुमताने चालू राहू दिली. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं: पाळतीचा सगळा नियमच रद्द व्हायला हवा, कारण खासगीपणा हा स्वातंत्र्याचाच भाग आहे.

जवळपास पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी तेच म्हटलं.

९.
लंडन, १६०४. सेमेनच्या खटल्यात न्यायालयाने शेरीफला बजावलं: दार फोडण्याआधी आपण कशासाठी आलो ते सांगा आणि दार उघडायची विनंती करा.

१०.
संविधान सभेला मार्च १९४७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात डॉ. आंबेडकरांनी घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. ते मूलभूत हक्कांत आलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. आंबेडकर उठून म्हणाले की तरतूद उपयोगी आहे, फौजदारी संहितेत ती आहेच, आणि संविधानात घ्यायला आपली तयारी आहे. सभागृहात गलका झाला. पुढे मतदानात दुरुस्ती पडली.

१९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की संविधानकर्त्यांनी असा हक्क दिलेलाच नाही, तेव्हा आम्ही तो कुठून आणणार.

करीमुद्दीन या वऱ्हाडच्या वकिलाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

११.
क्लीव्हलंड, अमेरिका, १९५७. डॉलरी मॅप नावाच्या बाईंनी दारात आलेल्या पोलिसांकडे वॉरंट मागितलं. पोलिसांनी एक कागद फडकवला. बाईंनी तो हिसकावून घेतला, पोलिसांनी झटापट करून परत काढला. खटल्यात वॉरंट कधीच पुढे आलं नाही. १९६१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: अशा झडतीत जे सापडलं ते कोणत्याही राज्याच्या कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही.

भारत, साधारण तोच काळ. राधाकिशन हे टपाल खात्यात पोस्टमन. घराच्या झडतीत कपाटात टपाल सापडलं. झडती नियमानुसार नव्हती, असा त्यांचा आक्षेप. सर्वोच्च न्यायालय म्हणालं: झडती बेकायदा मानली तरी जप्ती बाद होत नाही. फार तर घरच्यांना अशा झडतीला विरोध करता आला असता, आणि न्यायालय तो पुरावा जास्त बारकाईने तपासेल. १९७३ साली पूरणमल खटल्यात हीच भूमिका पक्की झाली.

म्हणजे आपल्याकडे नियम मोडून आत शिरलेल्याचीही मेहनत फुकट जात नाही. झडतीच्या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून निघेपर्यंत दारात उभ्या असलेल्या माणसाची सगळी मदार कागदावर आहे.

१२.
बेकायदा झडतीला विरोध करता आला असता, असं न्यायालय म्हणतं. रात्री साडेअकराला, गणवेशातली सहा माणसं समोर असताना, घरात तापाने फणफणलेलं मूल असताना.

१३.
पुणे, १८९७. प्लेगच्या नावाने रँडच्या कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घातले. दवाखान्याला न कळवलेला आजारी माणूस शोधायचा म्हणून माजघर, स्वयंपाकघर, देवघर काही सोडलं नाही. सामान रस्त्यावर काढलं, जाळलं. पुढचं सगळं मराठी माणसाला पाठ आहे: २२ जून, गणेशखिंड, चापेकर.

कमी सांगितली जाते ती गोखल्यांची गोष्ट. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून पत्रं आली, बायकांवरच्या अत्याचाराबद्दल त्यात लिहिलेलं होतं. गोखल्यांनी ते तिथल्या 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड करता येईनात. गोखल्यांना जाहीर, विनाअट माफी मागावी लागली.

त्या झडत्यांची ना यादी घरच्यांना मिळाली, ना प्रत. काय झालं ते सांगणारा एकही कागद घरात उरला नाही.

१४.
त्याच प्लेगच्या वेळचा, १८९७ चा साथरोग कायदा २०२० साली पुन्हा बाहेर निघाला. घरांच्या दारांवर कोविड रुग्णाच्या पाट्या चिकटल्या. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय अशा पाट्या लावायच्या नाहीत.

१५.
वीजचोरीच्या झडतीचं कलम १३५, विद्युत कायदा २००३. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात तपासणी करायची नाही. करायचीच तर त्या घरातल्या सज्ञान पुरुषाच्या हजेरीत. म्हणजे घरात फक्त बायका असतील तर भरारी पथक रात्री येऊच शकत नाही. हे संरक्षण चांगलं आहे आणि बायकांनी ते बिनदिक्कत वापरावं. तरी घराची कर्ती बाई असू शकते, मीटर तिच्या नावावर असू शकतं, हे २००३ साली कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

दिवसा येणाऱ्या पथकालाही जप्तीची यादी द्यावी लागते. मीटर उचलून नेलं आणि यादी दिली नाही, तर तक्रार तिथूनच सुरू करा.

१६.
मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात लिहिलंय: माणसं राहत असलेल्या इमारतीत शिरायचं तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर २४ तासांची लेखी नोटीस. बायकांना आतल्या खोलीतून दुसरीकडे जायला वेळ द्यायचा. राहणाऱ्यांच्या सामाजिक आणि धार्मिक चालीरीतींची बूज राखायची.

तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं.

१७.
डासांच्या अळ्या बघायला येणारा पालिकेचा माणूस. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची टाकी, तुळशीपाशी ठेवलेलं तांब्याचं भांडं. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, जिना चढून चढून भरलेला घाम. याला दार उघडा. ओळखपत्र बघा, पाणी द्या, बशी ओतून टाका. घराचं दार ज्यांच्यासाठी निःशंक उघडावं अशा थोड्या सरकारी माणसांतला हा एक आहे.

१८.
घरमालक झडती घेऊ शकत नाही. सोसायटीचा सेक्रेटरीही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घरमालकाला जागा बघता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. सोसायटीला गळती, दुरुस्ती यासाठी आधी कळवून येता येतं. दुसऱ्या किल्लीने दार उघडून 'सहज बघायला आलो' याला कुठलाही आधार नाही. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींना हे कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं.

१९.
६ मे २०१६, मुंबई उच्च न्यायालय, न्या. ओक आणि न्या. गुप्ते. गोवंश हत्याबंदी त्यांनी कायम ठेवली. पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. घरात कोण काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, त्यासाठी सरकारने घरात शिरू नये, असा त्यामागचा विचार. पुट्टस्वामी निकाल यायला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता.

२०.
प्राप्तिकराची धाड. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना अजून उपयोगी आहे: विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करायचे नाहीत. कुटुंबाची रीत बघून अधिकारी याहून जास्तही सोडू शकतो.

नवा प्राप्तिकर कायदा २०२५ चा, लागू १ एप्रिल २०२६ पासून. त्यात धाडीतल्या अधिकाऱ्याला संगणकाचा, क्लाउडचा पासवर्ड ओलांडून आत जाण्याचा अधिकार आहे. दागिन्यांसाठी निदान ग्रॅम ठरलेले होते. फोटोंसाठी, पत्रांसाठी, डॉक्टरच्या रिपोर्टांसाठी असं माप कोणी ठरवलेलं नाही.

२१.
फोन जप्त होतो तेव्हा यादीत एक ओळ पडते: 'एक मोबाइल, काळा रंग.' आयएमईआय क्रमांक लिहून घ्या. फोन बंद करून पाकिटात सील केला का, त्यावर पंचांच्या सह्या आहेत का, ते बघा. आतल्या माहितीची हॅश व्हॅल्यू मागा. ती हातात असेल तर पुढे कोणी फाइल घातली किंवा काढली, हे कळू शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबद्दल केंद्राला विचारलं की यासाठी नियम कुठे आहेत.

२२.
ऑगस्ट २०१८. पुण्याचे पोलीस दिल्लीत एका लेखकाच्या घरी. गुन्हा पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यातला, कागद मराठीत. दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदवलं की बहुतेक कागद मराठीत असल्यामुळे या माणसावर नेमका काय आरोप आहे ते कळत नाही.

आता उलट बाजू. विदर्भातल्या गावात इंग्रजी नोटीस हातात पडलेला शेतकरी तेच म्हणत असतो. त्याच्यासाठी हे नोंदवायला तिथे न्यायालय बसलेलं नसतं.

२३.
संहितेत 'स्थळ' म्हणजे घर, इमारत, तंबू, वाहन, जहाज. तंबू आहे. म्हणजे पारध्यांचं पालही आलं.

१८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तरी गावात चोरी झाली की पहाटे गाडी पालावरच जाते. गाठोडी सोडली जातात, चुलीची राख काठीने उकरली जाते, तरणी पोरं गाडीत बसवली जातात. पंच कोण होते, यादी कुणाच्या हातात दिली, हे विचारलं तर बाया एकमेकींकडे बघतात. अशी यादी असते, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांना पालावरची झडती माहीत नाही त्यांनी ते वाचावं.

फ्लॅटच्या दारावर बेल असते. पालाला दार नसतं. कायदा दोघांना एकच आहे, आणि तो पालावर पाळला जातो की नाही हे बघायला ठाण्याच्या साहेबांनी स्वतः जायला हवं.

२४.
महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम १४७. अधिकार किंवा सबळ कारण नसताना इमारतीत किंवा तंबूत शिरणाऱ्या, झडती घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२, कलम ६२. कारण न नोंदवता झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२५.
आमच्या इमारतीतल्या त्या आजींच्या घरात काही सापडलं नाही. पंचनाम्यात तसं लिहिलं: 'आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही.' रिकाम्या हाताने गेले म्हणून पंचनामा करायचा नाही, असं होत नसतं. काही मिळालं नाही याचा कागद तर हवाच. आजींनी प्रत मागितली. "ठाण्यात या, देतो." आजी म्हणाल्या, "मला जिने उतरवत नाहीत. इथेच द्या." कार्बनची दुसरी प्रत तिथेच फाडून त्यांच्या हातात दिली.

२६.
दारात कोणी झडतीसाठी आलं तर: ओळखपत्र बघा. कोणत्या कायद्याखाली, कशाच्या शोधात, हे विचारा. वॉरंट असेल तर वाचा, पत्ता तपासा. नसेल तर कारणं लेखी नोंदवली आहेत का, ते विचारा. दार अडवू नका, धक्काबुक्की नको, त्याने आपलीच बाजू पडते. हरकत असेल तर ती पंचनाम्यात लिहायला सांगा. लिहिली नाही तर त्याच रात्री वरिष्ठांना आणि दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवा. घर सोडून खाली जाऊ नका. बाईची अंगझडती बाईच घेईल. कोऱ्या कागदावर सही नाही. यादी वाचून, रिकाम्या जागांवर रेघ मारून मगच सही. प्रत घेतल्याशिवाय कोणाला निरोप देऊ नका.

वॉरंटशिवाय झालेल्या झडतीच्या नोंदी पोलिसांनी ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या असतात. राहणाऱ्याने अर्ज केला की त्याची प्रत मिळते. तिला पैसे पडत नाहीत. अर्ज करा.